‘माझी कुवतच नाही’ असं लिहिण्याआधी

बाळ,

सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्रात एकच वाक्य तीनदा आलंय, ‘माझी कुवतच नाही.’ कुठला विषय अडतो, किती गुण पडले, यातलं काहीच नाही, थेट निकाल. म्हणून आज अभ्यासाचं वेळापत्रक बाजूला ठेवू आणि या वाक्याकडं बघू.

‘तू कमी आहेस’ असं समोर बसवून फारसं कुणी सांगत नाही. गावात चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. शाळेत शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी जातीच्या नावानं उभं करतात. ‘पानी’ म्हटलं की वर्ग हसतो. आडनाव ऐकलं की समोरचा क्षणभर थांबतो. आणि सगळ्यात खोल रुततं ते आपल्याच माणसांनी मायेपोटी सांगितलेलं, ‘आपण आपल्या पायरीनं राहावं, उगं पुढं पुढं करू नये.’ आई-आजीनं हे शिकवलं ते पोर मार खाऊ नये म्हणून. त्या गावात त्या शहाणपणानं जीव वाचले. पण तेच आज कॉलेजात तुझा हात वर जाऊ देत नाही.

कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांवर हजेरीची सक्ती होती. गुन्हा काही नसला तरी रोज जाऊन आपण पळालो नाही हे दाखवायचं. बापाला रोज असं उभं राहताना बघणाऱ्या पोराला वेगळं काही शिकवावं लागत नाही. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सगळ्यांबरोबर बसवायचा हुकूम काढला. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली, स्वतः तिथला चहा घेतला आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. नुसत्या भाषणानं हे झालं नसतं. कमीपणा रोजच्या ज्या वागण्यातून शिकवला जात होता, त्यांनी ते वागणंच मोडलं. तुलाही तेच करायचं आहे, आपल्यापुरतं.

कुवतीबद्दल एक पुरावा देते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावर वाट शोधायची कोडी दिली. जात पुकारली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. सगळ्यांसमोर नावाबरोबर जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेली कोडी साधारण पाचव्या हिश्शानं घटली. पोरं तशीच, कोडीही तशीच. तोंडी परीक्षेत तुझं हेच होत असणार. अर्धं लक्ष ‘हे काय म्हणतील’ याकडं, उरलेल्या अर्ध्यात उत्तर शोधायचं. ते अडखळतं, आणि अडखळलं हाच पुरावा धरून पुढच्या वेळी आपण तोंडच उघडत नाही. बोलायचा सराव होत नाही, म्हणून परत अडखळतं. हे चक्र मधेच कुठंतरी तोडायचं.

एक दोनशे पानी वही घे. रोज रात्री दहा मिनिटं, पानावर चार रकाने. पहिल्यात घडलं तेवढंच, कॅमेऱ्यात दिसलं असतं तसं: ‘सरांनी माझं उत्तर ऐकलं आणि पुढच्या मुलाला विचारलं.’ दुसऱ्यात मनात उमटलेलं वाक्य, जसंच्या तसं. तिसऱ्यात ते वाक्य पूर्वी कुणाच्या तोंडून ऐकलं होतं ते. चौथ्यात, घडलं त्याची आणखी दोन कारणं. बहुतेक मुलं पहिल्याच रकान्यात चुकतात. तिथं ‘सरांनी अपमान केला’ असं लिहितात, मग पुढचं सगळं त्याच वळणानं जातं. तिसरा रकाना सुरुवातीला कोरा राहील, राहू दे. तीन आठवडे सलग लिहिल्यावर मागचं वाच. तीच चार-पाच वाक्यं फिरून फिरून आलेली दिसतील.

दिवसा एवढंच कर. आठवड्यात दोन तासांना, आदल्या रात्री लिहून ठेवलेला एक प्रश्न विचारायचा. संधी मिळाली की लवकर विचार, कारण थांबशील तसं काळीज जास्त धडधडतं. तोंडी परीक्षेसाठी मैत्रिणीला समोर बसवून, उभं राहून, पाच उत्तरं मोठ्यानं दे. आधी घरच्या बोलीत दे, मग पुस्तकी भाषेत.

आरशासमोर ‘मी कुणापेक्षा कमी नाही’ म्हणत बसू नकोस. आतून लगेच उलट उत्तर येतं आणि माणूस आणखी खचतो. आडनाव लपवू नकोस. चोवीस तास पहारा द्यावा लागतो, अभ्यासाला डोकं उरत नाही. सगळ्या समाजाची अब्रू आपल्या मार्कलिस्टवर टांगू नकोस. आणि एका गोष्टीची मला खरंच काळजी वाटते: आपल्याला खाली ढकललं की आपण आपल्याही खाली कुणीतरी शोधतो. होस्टेलवर पारध्याच्या पोरीला हसायला आपलीच मुलं पुढं असतात. तू त्यांच्यात दिसलीस तर मला फार वाईट वाटेल. त्या पोरीच्या शेजारी जेवायला बस.

सगळं मनाचेच खेळ आहेत असंही धरू नकोस. भेदभाव खराच होतो. झाला तर त्याच दिवशी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण कोण हजर होतं ते लिही. अर्ज कॉलेजच्या समान संधी केंद्राकडं लेखी दे आणि पोच घे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा त्या जाती-जमातींबाहेरच्या कुणी जातीवरून लोकांसमोर मुद्दाम अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. एकटीनं जाऊ नकोस, सोबत कुणीतरी घे.

दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर वहीवर विसंबू नकोस. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे, रात्रीही. मराठीतून बोलता येतं.

वहीचं पहिलं पान उतरवून मला पाठव. चौथा रकाना भरला नसला तरी चालेल, तो आपण मिळून भरू.