एक लाखात तीन महिने पाठीवर सॅक टाकून भारत फिरता येईल का? बजेट कसं आखू?

भाऊ, जळगावहून एकटे निघताय, तीन महिने, जवळ एक लाख. जमेल. फक्त लाखाला नव्वदने भागून ‘रोजचे अकराशे’ असं धरू नका. पैसा जातो तो गाव बदलताना. तिकीट, स्टेशनबाहेरची रिक्षा, दमल्यावर मिळेल त्या भावाची खोली, सगळं एकाच दिवशी अंगावर येतं. त्याच गावात चौथ्या दिवशी खानावळ सापडलेली असते आणि खोलीवालाही भाव कमी करतो.

मी असं मांडेन: दहा हजार बियाण्याच्या पैशांसारखे बाजूला, त्यांना हात लावायचा नाही. सॅक, बूट, औषधं सहा हजार. गाव बदलणं पंचवीस वेळा, स्लीपर किंवा एसटीने सरासरी ६०० धरून १५,०००. त्यातल्या पंधरा रात्री गाडीतच जातील. उरलेल्या ७५ रात्री डॉर्ममधली (अनेकांच्या सामायिक खोलीतली) खाट ५०० ने, म्हणजे ३७,५००. जेवण-चहा रोज २५० प्रमाणे २२,५००. रिक्षा, रिचार्ज, प्रवेशशुल्क रोजचे १००, ते ९,०००. झाले बरोबर एक लाख. शंभर ही सरासरी आहे बरं का; अजिंठ्याचं प्रवेशशुल्क ४० रुपये आहे, ताजमहालाला मुख्य मकबऱ्यासकट २५० लागतात. लडाख मात्र यात कोंबू नका, तिथे गाडीभाडंच सगळं खाऊन टाकतं.

बजेट फुटायला लागलं तर जेवण कापू नका, पुढची दोन गावं कापा.

आपल्याला भुसावळ जंक्शन जवळ आहे, हा मोठा फायदा. मुंबई, हावडा, इटारसीमार्गे दिल्ली, सुरत, कुठेही सरळ गाडी. पण १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं. म्हणजे नव्वदाव्या दिवसाचं परतीचं तिकीट घरून काढताच येणार नाही. ते पैसे वेगळे ठेवा आणि महिनाभराने, असाल तिथून, बुक करा. दिवाळी-छठच्या आसपास परतणार असाल तर बुकिंग उघडेल त्याच सकाळी.

निघण्याआधी शहाद्यावरून एसटीने तोरणमाळला चार दिवस राहून या आणि चहासकट सगळा खर्च वहीत लिहा. जेवणाचे २५० तुम्हाला पुरतात का, ते तिथेच कळेल. (शेवभाजीशिवाय किती दिवस निघतात, तेही.)

कोणत्या महिन्यात निघताय ते लिहिलं नाही. मे महिन्यात हिमाचल-उत्तराखंड करणार असाल तर खाटेचे ५०० विसरा, हा हिशोब नव्याने मांडावा लागेल.