पिल्लाचे पाय फाकले, आधी अंथरूण बघा

प्रश्न: इनक्युबेटरमधून कोंबडीची 30 पिल्ले काढली. सगळी चांगली आहेत, फक्त एक पिल्लू चार दिवसांचे झाले तरी उभे राहत नाही. दोन्ही पाय बाजूंना फाकतात आणि ते पोटावर सरकत खाद्याकडे जाते. ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत) वर्तमानपत्र अंथरले आहे. दोन दिवस पाण्यातून व्हिटॅमिन देतोय, फरक नाही. कॅल्शियम सुरू करू का? आणि हा रोग असेल तर बाकीच्यांना होईल का?

उत्तर: कॅल्शियम नको. आज पहिले काम म्हणजे ते वर्तमानपत्र काढा.

तुम्ही जे वर्णन केले आहे ते पाय फाकण्याचे सरळ उदाहरण आहे. पिल्लाचे वजन पेलायला नवखे स्नायू धडपडत असतात आणि खाली गुळगुळीत कागद असला की प्रत्येक वेळी पाय बाहेर निसटतो. दोन-तीन दिवस असे झाले की मांडीचे स्नायू त्याच स्थितीत ताणले जातात आणि मग खडबडीत जमिनीवरही पाय आत येत नाहीत. कबूल करायला हवे, की पिल्लांनी तूस किंवा लाकडाचा भुसा खाऊ नये म्हणून पहिले काही दिवस कागद अंथरायला आम्ही अधिकारीच सांगतो. सांगायचे राहते ते एवढेच, की कागद खरखरीत हवा. पन्हळी पुठ्ठा नालीची बाजू वर करून टाका किंवा स्वच्छ गोणपाट अंथरा. फक्त गोणपाटाचे सुटलेले धागे कापून टाका, पिल्लांची बोटे त्यात अडकतात.

30 पैकी एकालाच का झाले, असे तुम्ही विचाराल. उबवणीत तापमान वरखाली झाले (ते 37.5 अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर लागते), अंड्यातून बाहेर पडताना पिल्लू फार वेळ अडकले किंवा मुळातच ते अंगाने मोठे असले, तर ते इतरांपेक्षा कच्च्या पायाने सुरुवात करते. बाकीची कागदावरही सावरली, याला जमले नाही. हा संसर्ग नाही, त्यामुळे दुसऱ्यांना लागण होणार नाही. पण पुढच्या वेळी इनक्युबेटरच्या तळालाही, जिथे पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तिथे, खरखरीत कापड ठेवा.

आता पाय बांधणे. हाडे आणि स्नायूबंध अजून लवचिक आहेत, म्हणून हे दिवस मोलाचे. पहिल्या तीन-चार दिवसांत बांधले तर बहुतेक पिल्ले सुधारतात, आठवडा उलटल्यावर आशा बरीच कमी होते. सुमारे एक सेंटिमीटर रुंद चिकटपट्टी घ्या, जखमेवर लावतात ती कागदी किंवा कापडी. पिल्लू एकाने हातात धरायचे, दुसऱ्याने बांधायचे. एकट्याने केले की गाठ तरी सैल होते नाहीतर पिल्लू तरी घाबरते. पट्टी एका नडगीभोवती, म्हणजे पंजा आणि त्यावरचा सांधा यांच्या मधे गुंडाळा, मग दुसऱ्या नडगीभोवती. मधला भाग दोन्ही बाजूंनी चिकटवून घ्या, म्हणजे त्याला भुसा चिकटणार नाही. दोन पायांत अंतर दोन ते तीन सेंटिमीटर, म्हणजे पिल्लू नीट उभे राहिले असते तर जेवढे असते तेवढे. अगदी जवळ बांधले तर ते तोल जाऊन तोंडावर पडते. दोरा, रबरबँड कधीही वापरू नका. एकदा दोऱ्याने बांधलेले पिल्लू माझ्याकडे आणले होते, दोरा कातडीत रुतून पंजा काळा पडला होता. पायापेक्षा बांधणीनेच नुकसान केले.

बांधल्यावर अर्ध्या तासाने पंजे बघा. निळसर, थंड किंवा सुजलेले दिसले तर लगेच सोडून सैल बांधा. सुरुवातीला पिल्लू कोलमडेल, ओरडेल. त्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा अंगाखाली बोटे धरून मिनिटभर त्याला पायांवर उभे करा, वजन हळूहळू त्याच्या पायांवर येऊ द्या. पट्टी रोज एकदा सोडा, थोडा वेळ चालू द्या, पुन्हा बांधा. सहसा तीन ते पाच दिवस लागतात. पट्टी सोडल्यावर पाय आतच राहिले की काम झाले.

या काळात पिल्लू मरते ते बहुधा पायाने नव्हे, तहानेने. अंड्यातला उरलेला पिवळा बलक पोटात असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस निभावते. त्यामुळे पाण्यापर्यंत न पोहोचणारे पिल्लूही सुरुवातीला ठीक वाटते आणि मग एकाएकी मान टाकते. तुमचे पिल्लू चौथ्या दिवशीही खाद्याकडे सरकते आहे, हे चांगले लक्षण. त्याला पाणी उथळ झाकणात द्या, त्यात खडे टाका म्हणजे बुडणार नाही. पाणी चोचीच्या टोकाला थेंब-थेंब लावा. तोंडात ओतू नका, श्वासनळीत जाते. स्टार्टर खाद्य (लहान पिल्लांचे तयार खाद्य) थोडे ओले करून समोर ठेवा. बाकीची पिल्ले त्याला टोचत असतील तर जाळी लावून वेगळे करा, पण ती दिसतील, ऐकू येतील अशा जागी. ऊब मात्र तीच ठेवा. पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी.

कॅल्शियमला नाही म्हणण्याचे कारण असे. स्टार्टर खाद्यात ते सुमारे एक टक्का असते आणि पिल्लाला तेवढे पुरते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या लेअर खाद्यात ते साडेतीन-चार टक्के असते. ते पिल्लांना सतत मिळाले तर मूत्रपिंडे बिघडतात. कोंबड्या आणि पिल्ले एकाच भांड्यात खात असतील तर आजच वेगळी करा. मुडदूस झाला असता तर चोच रबरासारखी वाकली असती आणि तो बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या वयात दिसतो, चौथ्या दिवशी नाही. तिथेही नुसत्या कॅल्शियमने भागत नाही, व्हिटॅमिन डी-3 आणि फॉस्फरस लागतो. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा डी-3 साठी उपयोग नाही.

व्हिटॅमिन चालू ठेवायला हरकत नाही. मात्र औषधी पाणी रोज बदला आणि उन्हात ठेवू नका, कारण बी-2 उजेडाने नष्ट होते. रक्ती हगवणीसाठी अ‍ॅम्प्रोलियम देत असाल तर त्या दिवसांत बी-1 असलेले बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. ते औषध बी-1 ला अडवूनच काम करते, दोन्ही एकदम दिली तर गुण येत नाही.

याच आठवड्यात आणखी एकाने विचारले आहे, पिल्लू 12 दिवसांचे आहे, पाय फाकत नाहीत पण बोटे आत मुठीसारखी वळली आहेत आणि ते घोट्यांवर बसते. (सगळे ज्याला गुडघा म्हणतात तो पक्ष्यांचा खरे तर घोटा.) त्यांचा मामला वेगळा. हे बहुतेक वेळा बी-2 च्या कमतरतेने होते, घरी दळलेले, व्हिटॅमिन-खनिजांचे मिश्रण न घातलेले खाद्य हे त्याचे नेहमीचे कारण. इथे व्हिटॅमिनच औषध आहे, आणि लवकर दिले तर पिल्लू काही दिवसांत उठते. नस कायमची बिघडली तर मात्र बोटे वळलेलीच राहतात. बोटे सरळ करून पंजाखाली पातळ पुठ्ठ्याचा तुकडा पट्टीने चिकटवला तर मदत होते.

घोटा सुजून चपटा झाला, नडगी बाजूला पिळली तर शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी) घोट्यावरून सरकली आहे असे समजा. मँगेनीज, कोलीन कमी पडल्याने हे होते. खाद्य सुधारल्याने बाकीची पिल्ले वाचतात, सरकलेली शीर जागेवर येत नाही.

मान-डोके सतत थरथरणे, एकाच वेळी तीन-चार पिल्ले लंगडणे, घोटा गरम लागणे किंवा महिन्यापुढच्या पक्ष्याचा एक पाय पुढे व एक मागे पडणे, यातले काहीही दिसले तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. शेवटचे लक्षण मरेक्स या विषाणूजन्य रोगाचे असू शकते. त्यावर उपचार नाही, लस पहिल्याच दिवशी द्यावी लागते.

तुमच्या पिल्लाचे पाय पाच दिवस बांधूनही आत आले नाहीत आणि ते खाणेपिणे सोडू लागले, तर त्याला आणखी ओढत नेऊ नका. पशुवैद्यकाकडून वेदनारहित अंत करून घेणे बरे. बरे झाले तर ते इतरांसारखेच वाढेल, पट्टी सोडल्यावर दोन दिवस फक्त त्याच्या पायाखाली गुळगुळीत काही येऊ देऊ नका.