बीव्हीएस्सीच्या (पशुवैद्यकीय पदवीच्या) इंटर्नशिपमध्ये कुत्र्यांचे त्वचारोग नीट शिकायचे असतील तर सुरुवात कशापासून करू?

स्क्रॅपिंगपासून, म्हणजे कातडी खरवडून निघालेलं मायक्रोस्कोपखाली बघण्यापासून. औषधांची नावं नंतर आपोआप पाठ होतात. ओपीडीत खाजणारं कुत्रं आलं की अनेकदा थेट स्टिरॉइडचं इंजेक्शन टोचलं जातं. त्यात खाज थांबते, पण शिकणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही.

डेमोडेक्स हा सूक्ष्म किडा केसांच्या मुळाशी खोल असतो. त्यामुळे कातडी चिमटीत दाबायची, बोथट ब्लेडला लिक्विड पॅराफिन लावायचं आणि रक्ताचा बारीक ठिपका दिसेपर्यंत खरवडायचं. खरजेचा किडा (सार्कोप्टिस) वरच्या थरात असतो, तोही मोजकाच; म्हणून कानाच्या कडा, कोपर अशा ठिकाणी वरवर पण बरंच मोठं क्षेत्र खरवडा. स्लाइड रिकामी निघाली तरी खरूज नाही असं लिहून मोकळं होऊ नका. कानाची कड कानावरच चोळून बघा. मागचा पाय खाजवल्यासारखा हलला तर संशय पक्का धरा. मालकालाही खाज सुटते का, तेही विचाराच. स्लाइड बघताना मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं भिंग) खाली घ्यायला बरेच जण विसरतात आणि समोरचा किडा हुकतो.

मग सेलोटेपची सायटोलॉजी, म्हणजे कातडीला टेप चिकटवून त्यावर आलेल्या पेशी आणि जंतू बघणं. मॅलासेझिया यीस्ट भुईमुगाच्या शेंगेसारखी दिसते, एकदा ओळखली की विसरत नाही. वुड्स लॅम्पवर (बुरशी शोधायच्या अतिनील दिव्यावर) मात्र फार विसंबू नका: मायक्रोस्पोरम कॅनिस या गजकर्णाच्या बुरशीचेही सगळेच प्रकार चमकत नाहीत.

जमल्यास त्याच केसच्या फॉलोअपला हजर राहा. अ‍ॅलर्जीचा डाएट ट्रायल (फक्त ठरवून दिलेलं अन्न देऊन बघणं) आठ आठवडे चालतो, आणि मालक मधेच बिस्किट कसं देतो ते तिथेच कळतं.