रायफल बिघडलेली नाही, तारीख उलटून गेलीय

वाचकाचं पत्र थोडक्यात असं. ते मूळ सातारा जिल्ह्यातले, सध्या ह्यूस्टनजवळ नोकरीला. आजोबा फौजेत होते, त्यांच्या हातात .३०३ची रायफल असायची. त्या ओढीने दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकानातून रीतसर फॉर्म भरून ईशापूरच्या कारखान्यातली, ली-एनफिल्ड बनावटीची जुनी लष्करी रायफल घेतली, ७.६२ मिमीची, शिक्का १९६७चा. काडतुसं घरीच भरतात. गेल्या नोव्हेंबरात रेंजवर मित्र ती रायफल चालवत असताना काडतुसाची एक पितळी पुंगळी बुडापाशी तुटली, वायू आणि पितळेचा कण मागे आला आणि मित्राच्या भुवईला टाके पडले. आता मित्र हॉस्पिटलचं बिल मागतोय आणि त्याच्या विमा कंपनीचंही पत्र आलंय. त्यांचे प्रश्न तीन: पुंगळी का तुटली, पैसे द्यावे लागतील का, आणि परत जाताना रायफल गावी नेता येईल का. शेवटी एक ओळ: "मी एच-१बीवर आहे, रायफल घेताना शिकारीचा परवाना काढला होता, तो नंतर रिन्यू करायचा राहून गेला. मित्र ओपीटीवर आहे."

तुमचं पत्र मी शेवटून वर वाचलं. तुम्हीही तसंच वाचा.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात कलम ९२२(जी)(५) आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगायला ते मनाई करतं. नोकरीचा एच-१बी त्यात आला, त्याच्या जोडीदाराचा एच-४ आला, विद्यार्थ्यांचा एफ-१ही आला. याला मोजके अपवाद आहेत आणि तुमच्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. हरणं मारायला जायलाच हवं असं नाही, परवाना चालू हवा. रायफल घेताना तो होता, म्हणून खरेदी स्वच्छ आहे. पण टेक्सासचा वार्षिक परवाना कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरच्या सकाळी तुम्ही झोपेत असताना कपाटातली तीच रायफल बेकायदा झाली. नोव्हेंबरचा अपघात त्यानंतरचा.

आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींना वाटतं की रायफल विकून टाकली म्हणजे सुटलो. त्यांची गफलत पुढे आहे. या कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत भरलेलं काडतूस तर येतंच, सुटी पुंगळी, प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), गोळी आणि बंदुकीची दारूही येते. म्हणजे गराजमधल्या फळीवरचा प्रायमरचा डबा एकटा सापडला तरी गुन्हा पूर्ण होतो. रायफल १९६७ची, म्हणजे पुराणवस्तू, असंही कुणी सांगेल. कायद्यातली 'अँटिक' बंदूक १८९८पर्यंतची. पन्नास वर्षं उलटलेली बंदूक 'क्युरिओ' म्हणून नोंदते खरी, पण त्या बिरुदाने तुमचं व्हिसाचं बंधन सुटत नाही.

शिक्षा २०२२च्या दुरुस्तीनंतर १५ वर्षांपर्यंत आहे. न्यायालय इतकी देईल असं मी म्हणत नाही. पण या कलमाखालची शिक्षा इमिग्रेशन कायद्यात 'ॲग्रव्हेटेड फेलनी', म्हणजे देशातून हाकलण्याजोगा गंभीर गुन्हा, गणली जाते आणि मग ग्रीन कार्डची रांग, मुलांची शाळा, घराचं कर्ज यांपैकी काहीही तुम्हाला वाचवू शकत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने रेहाइफ खटल्यात ठरवलं की आपण बंदी असलेल्या गटात मोडतो हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारला सिद्ध करावं लागेल. तो रेहाइफही विद्यार्थी व्हिसावर आलेला, नापास होऊन विद्यापीठातून काढलेला मुलगा. त्याने केलं काय, तर एका रेंजवर जाऊन दोन बंदुका चालवल्या. त्या निकालाने बचावाला थोडी जागा मिळते, पण आपण एच-१बीवर आहोत हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं कोण मानेल?

मित्राचं प्रकरण तुमच्या गळ्यात दुसऱ्या बाजूनेही पडतं. पत्रात तुम्ही सहज लिहिलंय की त्याला पन्नास काडतुसांचा डबा "खर्चापुरत्या" चाळीस डॉलरना दिला होता. काडतुसं बनवून विकण्याचा धंदा करायचा तर एटीएफचा, म्हणजे बंदुकांवर देखरेख करणाऱ्या संघीय खात्याचा परवाना लागतो. एका डब्याला धंदा म्हणता येणार नाही, त्याची मला फारशी चिंता नाही. पण ओपीटी म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणारी कामाची मुभा, म्हणजेच एफ-१, आणि त्याच्याकडे शिकारीचा परवाना कधीच नव्हता. अशा माणसाला जाणूनबुजून दारूगोळा देणं हा कलम ९२२(डी)चा वेगळा गुन्हा आहे, विकला काय नि फुकट दिला काय. शिवाय हातात रायफल घेऊन चाप ओढणारा तो स्वतःही अडकतो. त्यालाही वकील हवा, आणि तो तुमचा वकील नको.

आता पुंगळी. त्यातलं थोडं मलाही कळतं. ली-एनफिल्डच्या बनावटीत बोल्टची पकड मागच्या बाजूला असते, चेंबर सैलसर असतो, त्यामुळे प्रत्येक बार उडताना पुंगळी थोडी ताणते. तीच पुंगळी सहा-सहा वेळा साच्यात दाबून मूळ मापाला आणून (पूर्ण साइज करून) पुन्हा भरली की बुडाच्या जरा वर पितळ पातळ होत जातं आणि तिथे बाहेरून चकाकणारं कडं दिसू लागतं. तुमची पुंगळी तिथेच तुटली. दारूचं वजन, प्रायमर, लष्करी आणि बाजारी काडतुसातला फरक, यावर तुम्ही दोन पानं खर्च केलीत, ती नसती लिहिली तर बरं झालं असतं. यापुढे हे निदान कुणाजवळही लेखी करू नका. दिवाणी दाव्यात प्रश्न एवढाच असतो की सावध माणसाने जे पाहिलं असतं ते तुम्ही पाहिलंत का. आणि तुम्ही तर अपघाताच्या आठवडाभर आधी मित्राला व्हॉट्सॲपवर फोटोसकट लिहिलंत: "कडं दिसतंय, पण अजून एक राउंड निघेल." समोरच्या वकिलाला याहून जास्त काही लागत नाही.

तो मेसेज खोडू नका. भरणीची वहीही फाडू नका. संघीय चौकशीच्या वाटेत पुरावा नष्ट केला तर वीस वर्षांपर्यंतचं वेगळं कलम आहे आणि मूळ गुन्ह्यापेक्षा ते सिद्ध करणं सोपं असतं.

त्या मेसेजची दुसरी बाजूही आहे. मित्राने तो वाचला होता, अंगठाही दिला होता. टेक्सासमध्ये जखमी माणसाचा स्वतःचा दोष निम्म्याहून जास्त ठरला तर त्याला काहीच मिळत नाही. त्याहून कमी ठरला तर तेवढी रक्कम कापली जाते. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं. बिलाची रक्कम तुम्ही सांगता तेवढीच असेल तर मी लढायला सांगणार नाही. वकिलामार्फत लेखी तडजोड करून मोकळे व्हा, "माझीच चूक" हे शब्द कागदावर न येऊ देता. घरभाड्याच्या विम्यात वैयक्तिक जबाबदारीचं कलम असतं, ते बघा. पण विमा कंपनीच्या माणसाला फोनवर जबाब देऊ नका. तो गोड बोलतो आणि संभाषण रेकॉर्ड होत असतं.

आज करायचं ते हे. शिकारीचा नवा परवाना ऑनलाइन काढा, दहा मिनिटांचं काम आहे. मागचे महिने त्याने धुऊन निघत नाहीत, पण आजपासूनचा ताबा कायदेशीर होतो. मग फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला गाठा आणि त्याच्यामार्फत रायफल, काडतुसं भरायचा प्रेस, दारू, प्रायमर, काडतुसं सगळं परवानाधारक दुकानदाराच्या ताब्यात द्या. तुटलेली पुंगळी वेगळ्या पाकिटात, पुरावा म्हणून. बायकोच्या नावावर करतो म्हणू नका, ती एच-४वर आहे. शेजाऱ्याकडे ठेवून शनिवारी आणायची, हेही नको: २०१५च्या हेंडरसन निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंदी असलेल्या माणसाला बंदूक दुसऱ्याला देऊ दिली, पण तिच्यावर त्याचा कसलाही ताबा उरणार नसेल तरच.

साताऱ्याचा विचार सोडा. बोल्टची ७.६२ रायफल भारतात २०१६च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत आय(सी) गटात, .३०३च्याच शेजारी बसते. बोलीभाषेत प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेलं माप. आजोबा फौजेत होते म्हणून तुम्हाला ती मिळणार नाही, आणि घरी काडतूस भरणं तिथे शस्त्र अधिनियमाच्या कलम ५खाली परवान्याशिवाय निर्मिती ठरतं, ज्याची शिक्षा २०१९पासून किमान सात वर्षं आहे.

जाताना रेंजची बॅग सामानासाठी घेऊ नका. अस्तरात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळाच्या स्कॅनरवर दिसलं की गुन्हा नोंदतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच गुणवंतलाल खटल्यात ताबा जाणीवपूर्वक हवा असं म्हटलंय, त्या आधारावर उच्च न्यायालयात गुन्हा रद्द होऊही शकतो, पण तोवर सुट्टी संपून पासपोर्ट अडकलेला असतो.

आणि ऑफिसच्या टेबलावर पेन ठेवायला जी पितळी पुंगळी आहे म्हणालात, तीही दुकानदाराकडे जाणाऱ्या सामानात जाऊ द्या.