पायाला पोलिओ आहे, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) वापरतो. बदली होऊन सोलापूरला आलोय. थंडीत पाय निळा पडतो, सकाळी चालवत नाही. काय करावं?

मलाही डाव्या पायाला पोलिओ आहे, दीड वर्षाची असल्यापासून. आता पन्नाशी ओलांडली. सगळे हिवाळे सोलापुरातच काढलेत, म्हणून लिहिते.

इथल्या थंडीचं कुणाला काही वाटत नाही, कारण दुपारी ३० अंश असतात. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१५ वर, कधी त्याखालीही उतरतो, आणि आपल्या पायाला बाधते ती पहाट. चालताना पोटरीचे स्नायू आवळून रक्त वर ढकलतात. आपल्या पोटरीत ते बळ नाही. रक्त पावलात साचतं, पाय निळसर आणि गार पडतो, आणि एकदा गारठला की तासन्‌तास ऊब धरत नाही. म्हणून माझी सगळी धडपड तो गारठूच नये यासाठी असते.

तुमच्या घरात शहाबादी फरशी असणार. पहाटे ती बर्फासारखी लागते. अंथरुणातच मोजे चढवा, मग पाय खाली टाका. मोज्याचं इलॅस्टिक सैल हवं, वळ उठला तर तो मोजा टाकून द्या. कॅलिपर रात्री जमिनीवर ठेवू नका, त्याच्या पट्ट्या सकाळी हात लावू देत नाहीत. मी माझा उशाशी, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवते.

सोलापुरी चादर घ्याच, पण ती जड असते. तिच्या वजनाने आपलं लुळं पाऊल पुढे वाकतं आणि सकाळी आखडलेलं असतं. पायथ्याशी एक उशी उभी ठेवून चादर तिच्यावरून घ्या.

शेकताना मात्र फार जपा. पोलिओत स्पर्श कळतो, तरी गार पडलेल्या पायाला उष्णतेचा अंदाज पटकन येत नाही. कोमट पाणी, तेही आधी कोपराने बघून. आमच्या गल्लीतल्या एका काकांना मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखाली काहीच कळत नाही. रबरी पिशवीने त्यांची टाच भाजली, आणि ते सकाळी फोड बघितल्यावर समजलं. जखम भरायला दोन महिने गेले. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्यांना हे नक्की सांगा.

अंघोळ शक्य असेल तर ऊन चढल्यावर करा. त्याआधी तिळाचं तेल लावून घोटा आणि गुडघा हाताने दहा-दहा वेळा हलवायचा. सकाळी दारोदार सडा टाकलेला असतो, ओल्या उंबऱ्यावर कुबडी सरकते. मी एकदा अशीच पडले आणि मनगट मोडलं. तेव्हापासून कुबडीचं रबर दर दिवाळीला बदलते, झिजलेलं असो वा नसो.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही. रात्री गारठ्यात उठून संडासापर्यंत जायला नको म्हणून आपण पाणी पिणं सोडतो. मीही सोडलं होतं, लघवीला जळजळ सुरू झाली. त्यापेक्षा खाटेजवळ भांडं ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एकच पाय अचानक सुजला, लाल होऊन दुखू लागला, तर ती थंडी समजून घरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, जाल तर दुपारी जा. ऊन असतं, गर्दीही कमी असते, आणि परतताना पाय उबदार राहतो.