वाचनाचा गट घेताना बाकीच्या मुलांचं काय करायचं?

प्रश्न असा : 'दुसरीत ३२ मुलं आहेत. पाच-सहा जणांना जवळ घेऊन वाचन घेते, तर बाकीची गोंधळ घालतात. काय करू?'

घालू द्या. याच गोंधळापायी आमच्या शाळेच्या शेरेबुकात लाल शाईने लिहिलेलं आहे, 'वर्गनियंत्रण समाधानकारक नाही.' म्हणून तर उत्तर लिहायला बसले.

२०१६ ची गोष्ट. बीड जिल्ह्यातली दोनशिक्षकी शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी. दिवाळीनंतर निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला. एक जण आजीजवळ राहिलेला. मी पुढे वाचायचे, मुलं मागून म्हणायची, त्यात ह्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत. त्याला वाचता येतं हे मी धरूनच चालले होते. एक दिवस पाच जणांना घेऊन सतरंजीवर बसले. ह्याने धडा सुरू केला, पण बोट चित्रावर. मी गुपचूप दोन पानं उलटली. पठ्ठ्या त्याच सुरात मागचाच धडा म्हणतोय! पुस्तक अख्खं पाठ, ओळखीचं अक्षर एकच, 'र'. तेही त्याच्या नावात होतं म्हणून.

नेमके तेव्हाच शाळा तपासणारे साहेब आले. मागे बाकीच्यांची चिंचोक्यांवरून मारामारी जुंपलेली. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, सगळ्यांचं एकसाथ घ्या, साहेबांना ऐकू तरी जाऊ द्या." सर आता निवृत्त आहेत. सर, तेव्हा बोलले नाही, आता बोलते. ते वाचन नव्हतं, आरती होती. आरती सगळ्यांनाच पाठ असते. २०२१ मध्ये निपुण भारत, म्हणजे लहान मुलांच्या वाचन-गणिताचा केंद्र सरकारचा कार्यक्रम, आला; आता शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत हेच गटाने वाचन घेणं तुमच्यासारखेच लोक आम्हाला शिकवतात.

असो. आता प्रश्न विचारणाऱ्या बाई, तुमचं काम. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, यातलं कुठवर वाचता येतं ते एकेकाला जवळ बसवून बघा, त्यावरून गट करा आणि दर पंधरा दिवसांनी मोडा. गट मोडला नाही की तो 'ढ' पोरांचा कोपरा होतो, आणि पोरांना ते आपल्या आधी कळतं. गटात धडा घेऊ नका, न वाचलेला मजकूर द्या. बाकीच्यांना जोडीने गोष्टीची पुस्तकं, एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवायचं. चिंचोके देऊ नका.

हो, माझ्या वर्गात तेव्हा १९ च मुलं होती, त्यातली निम्मी कारखान्यावर. ३२ मध्ये दिवसाला दोन गट झाले तरी खूप झालं.

त्या मुलाला रफार चौथीपर्यंत काही जमला नाही. 'सूर्य'ला 'सूय' म्हणायचा. पण बोट शब्दाखाली असायचं.