किडनीच्या प्रतीक्षा यादीत तरुण, कमावत्या रुग्णांचा नंबर आधी लागायला नको का?

नको. ‘कमावता’ हा निकष एकदा आत शिरला की पहिला नंबर कापला जातो तो माझ्या ताईसारख्या बायकांचा. म्हणूनच लिहिते आहे.

ताई पुण्याच्या यादीत होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दिवसभराचं पाणी सकाळीच एका लहान तांब्यात भरून ठेवायची, गोळ्यासुद्धा त्यातल्याच पाण्याने घ्यायच्या. आधी डाव्या हाताचा फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) बंद पडला, मग उजव्याचा, शेवटी मानेत कॅथेटर म्हणजे नळी. माझा रक्तगट जुळेना. सासरी ज्यांचा जुळत होता त्यांनी तपासणीचा विषयच काढू दिला नाही. हीच वेळ सासऱ्यांवर आली असती तर ताईला सगळ्यांत आधी उभं केलं असतं, हे मी लिहून देते. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे काही आमच्याच घरापुरतं नाही.

एका रात्री फोन आला, ब्रेनडेड दात्याची किडनी आहे, ताबडतोब या. अशा वेळी यादीतल्या वरच्या दोघातिघांना बोलावून क्रॉसमॅच करतात, म्हणजे दात्याची किडनी कुणाच्या रक्ताशी जुळते ते तपासतात. किडनी मिळाली साठीच्या एका गृहस्थांना. ताईचे मोठे दीर तिच्यासमोरच म्हणाले, “हिची काय, पोरं मोठी झालीत. पण एखाद्या कमावत्या तरुणाला तरी मिळायची, म्हाताऱ्याला कशाला?” ताई मानेवरची पट्टी सारखी करत राहिली. मी मात्र तिथेच भांडले.

ते गृहस्थ ताईच्या कितीतरी आधीपासून डायलिसिसवर होते. यादीतला नंबर गुणांवर ठरतो. नोट्टो म्हणजे अवयववाटप बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या राष्ट्रीय निकषांत डायलिसिसच्या दर महिन्याला एक गुण आहे. फिस्टुलाच्या सगळ्या जागा संपल्या असतील तर जादा गुण, लहान मुलांना थोडे जादा, आणि ज्याने पूर्वी स्वतःची किडनी कुणाला दिली होती त्याला पाच. पगाराला शून्य. पोरंबाळं किती, यालाही शून्य. हेच बरोबर आहे.

पगार-संसार बघून ठरवण्याचा प्रयोग होऊन गेलाय. १९६० च्या दशकात अमेरिकेत सिएटलला डायलिसिसची यंत्रं मोजकीच होती. कोणाला घ्यायचं ते सात जणांची समिती ठरवायची. त्यात वकील, पाद्री, बँकवाला, गृहिणी असे लोक. उत्पन्न, लग्न, मुलं, चर्चला जातो का, सगळं बघायचे. १९६२ मध्ये ‘लाइफ’ मासिकात ते छापून आलं आणि टीकेची झोड उठली. १९७२ मध्ये कायदा करून तिथल्या सरकारनेच डायलिसिसच्या खर्चाचा मोठा भाग उचलला. त्या समितीत आमच्या ताईचे दीर असते तर शोभले असते.

यकृत-हृदयाचं गणित वेगळं, तिथे डायलिसिससारखा वर्षानुवर्षं चालणारा आधार सहसा नाही, म्हणून जो जास्त अत्यवस्थ त्याला आधी. आणि किडनीची यादीही धुतल्या तांदळासारखी नाही. आपल्याकडे दात्याची एक किडनी सहसा त्याच हॉस्पिटलच्या रुग्णांसाठी राहते, त्यामुळे नाव कुठे नोंदवलंय याने फरक पडतो. शिवाय ऑपरेशननंतरची औषधं जन्मभर परवडणार नाहीत म्हणून कितीतरी लोक नावच घालत नाहीत. बोलायचं तर त्यावर बोला.

ताईला पुढे किडनी मिळाली, तिच्या गुणांवर. दिरांनी पेढे वाटले. मी घेतला नाही.

तुमच्या घरात कुणाचं डायलिसिस सुरू असेल तर नाव लगेच नोंदवा, घरातलं कोणी देईल म्हणून थांबू नका. रुग्ण बाई असेल तर अजिबात थांबू नका.